कूस बदलताना

मोहननगर, नागपूर
६ जानेवारी २०२५

चि. सुशील यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं नव्या वर्षाचं पत्र मिळालं. मिनलने पाठवलेल्या करंज्या निम्म्या फुटून आल्या, पण चव उत्तम. फुटल्या त्यात दोष एसटीचा आहे, तिचा नाही, असं तिला सांग. खाणीतल्या यंत्रांनी तुझे कान नेले, तेव्हापासून आपलं फोनवरचं बोलणं म्हणजे मी ओरडायचं आणि तू भलतंच उत्तर द्यायचं. त्यापेक्षा हे पत्र बरं. यात तुला माझं सगळं ऐकून घ्यावंच लागतं.

थंडी यंदा बरी आहे. गुडघा तसाच. अडुसष्ट वर्षांच्या गुडघ्याकडून मी फारशी अपेक्षा ठेवत नाही. चर्चच्या महिला मंडळाने मला पुन्हा सेक्रेटरी केलं आहे. दुसरं कुणी तयार नव्हतं, हे मला कळतं.

खरी गोष्ट आता लिहिते. शनिवारी मागच्या गल्लीतली गोपिका आली. म्हणाली, आमच्या शेजारच्या बाईले लकवा झाला, हॉस्पिटलातून घरी आणलं, पण पाहाले कोणी नाही, तुमी नर्स होत्या म्हणून आली. मी चप्पल घालत विचारलं, कोण बाई? तर म्हणाली, दीपमालाबाई. तुमच्याच हॉस्पिटलात होत्या म्हणे.

मी चप्पल काढून ठेवली आणि माझा गुडघा दुखतो म्हणून सांगितलं.

तुला हे पाठ आहे, तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय माझं मन शांत होत नाही. २००३ साल. भर दुपारी वॉर्डातले एक म्हातारे कॉटवरून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मी तेव्हा पलीकडच्या खोलीत एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवत होते. आणि त्या बाळंतिणीकडे मला धावत बोलवायला आली कोण, तर ही दीपमालाच. बाळंतीण शुद्धीवर नव्हती, म्हणून चौकशीत हिलाच विचारलं, सिस्टर पुष्पलता त्या वेळी कुठे होत्या? ही म्हणाली, मला माहीत नाही. तेवढंच. चार महिने मी घरी बसले, नंतर मला ड्रेसिंगच्या खोलीत टाकलं, आणि निवृत्त होईपर्यंत मी तिथेच राहिले. मेट्रन व्हायची होते, झाले नाही. म्हातारे बरे झाले, बाळंतीण वाचली. बुडाले ती मी एकटी.

आणि आता देवाने तिला आणून ठेवली आहे ती माझ्या मागच्या गल्लीत.

मी चुकले का, हे मी तुला विचारत नाही. उत्तर देऊ नकोस.

मिनलला आशीर्वाद. तुझा लोभ आहे म्हणून ही बहीण कुरकुर करते, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई


सावनेर
१३ जानेवारी २०२५

ती. स्व. ताईस,
सुशीलचा सप्रेम सलाम. वि. वि.

उत्तर देऊ नको म्हणालीस, म्हणून देत नाही. इकडच्या बातम्या लिहितो.

निवृत्त होऊन वर्ष झालं, पण अजून पहाटे पाच वाजता जाग येते आणि डोक्यावर टोपी नाही म्हणून चुकल्यासारखं होतं. मिनल म्हणते, तुम्ही घरात असं फिरता की जणू छत पडणार आहे. अंकितचा पुण्याहून फोन आला होता. पोरगा बोलला, मिनलने ऐकलं, आणि मला कागदावर लिहून दाखवलं. आता तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं झालं आहे. कपाशीचा शेवटचा वेचा सुरू आहे, सगळ्या रस्त्याला पांढरा कापूस चिकटून राहिला आहे.

ताई, एक मात्र सांगतो. हे उत्तर नाही. बावीस नाताळ झाले, दरवर्षी केक कापून झाला की तू ही गोष्ट सांगतेस. आता अंकितलासुद्धा ती पाठ आहे. तुझ्यावर अन्याय झाला, यात मला कधी शंका आली नाही. पण तुला ती गोष्ट सांगताना पाहिलं की मला वाटतं, अजून ती दुपार संपलीच नाही.

गुडघ्याला तिळाचं तेल लाव. आणि गुडघा खरंच दुखत असेल तरच दुखतो म्हण.

रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस, एवढी कृपा असू दे.

तुझा,
सुशील


मोहननगर, नागपूर
२८ जानेवारी २०२५

चि. सुशील यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी गेले. लगेच खूश होऊ नकोस, आधी पुढचं वाच.

पुढच्या रस्त्यावर गटाराचं खोदकाम चाललं आहे, म्हणून रविवारी उपासनेला मागच्या गल्लीतून जावं लागलं. तिचं दार उघडं होतं आणि आतून तो वास आला. तू खाणीतला माणूस, तुला नाही कळणार, पण वॉर्डात जन्म काढलेल्या बाईला तो दारातून कळतो. बेडसोर. एकाच कुशीवर पडून पडून पाठीला जखम होते, आणि पाहिलं नाही तर ती हाडापर्यंत जाते. पाळकसाहेब त्या दिवशी कशावर बोलले, मला सांगता येणार नाही. मी सगळा वेळ त्या जखमेची खोली मोजत होते.

उपासना संपली तशी चांगल्या साडीतच तिच्या घरी गेले. माझ्या हाताखाली एकाही पेशंटला कधी बेडसोर झाला नाही, हा माझा जन्माचा अभिमान. तेव्हा सुशील, मी दयेने गेले नाही, गर्वाने गेले. तुला खरं सांगून ठेवते, नाही तर तू मला संत करून मिनलला वाचून दाखवशील.

तिची उजवी बाजू गेली आहे, तोंड वाकडं झालं आहे, शब्द फुटत नाहीत. मला तिने लगेच ओळखलं. कूस तिला स्वतःला बदलता येत नाही, मान तेवढी वळवता येते. ती तिने भिंतीकडे वळवली. मी म्हटलं, वळव, मला पाठच पाहायची आहे.

आता रोज सकाळी आठला आणि दुपारी चारला जाते. जखम धुते, अंग पुसते, पाठीला पावडर लावते, हातापायांचे व्यायाम करून घेते. कामाच्या बाईला दर दोन तासांनी कूस बदलायला शिकवलं आहे. नवरा वारला, मूलबाळ नाही. भाचा आहे, दुर्गेश, नरखेडकडे त्याची संत्र्याची बाग आहे. रविवारी मोटरसायकलने येतो. पहिल्या दिवशी त्याने माझ्या गळ्यातला क्रूस पाहिला आणि खाली मान घालून म्हणाला, की आत्याच्या घरात देव्हारा आहे, इथे प्रार्थना वगैरे नको. पोरगा नम्र होता, म्हणून मीही नम्रपणेच सांगितलं, की बाबा, मी तुझ्या आत्याचा धर्म बदलायला येत नाही, कूस बदलायला येते, आणि ती दर दोन तासांनी बदलावी लागते, तेव्हा तूही शीक. असं म्हणून त्याच्या हातात टॉवेल दिला. हात चांगला आहे त्याचा, फळ तोडणाऱ्याचा, हळू. या रविवारी पिशवीभर संत्री घेऊन आला. चारपाच तुमच्यासाठी ठेवली आहेत, पण तुम्ही याल तोवर टिकायची नाहीत.

डॉक्टर म्हणतात, दोनेक महिन्यांत तिला शब्द येतील. मी थांबले आहे.

मिनलला आशीर्वाद. लोभ आहेच, तो पत्राच्या लांबीवरून मोज.

तुझी,
ताई


सावनेर
६ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र मिनलला वाचून दाखवलं. संत केलं नाही. टॉवेलचं ऐकून ती इतकी हसली की दूध उतू गेलं.

तुझं शेवटचं वाक्य मात्र मी दोनदा वाचलं. तू थांबली आहेस, असं लिहिलंस. कशासाठी, ताई? त्या बाईची जखम भरावी म्हणून, की तिने चुकले म्हणावं म्हणून? त्या दुसऱ्या कारणासाठी थांबली असशील तर मला तुझी काळजी वाटते. ती तसं कधी म्हणाली नाही तर तू काय करशील?

मी लहान तोंडी मोठा घास घेऊन राहिलो, हे कळतं. पण आता मीही एकसष्टचा झालो. लोभात कमी करू नकोस.

तुझा,
सुशील


मोहननगर, नागपूर
४ मार्च २०२५

चि. सुशील यास,
आशीर्वाद. वि. वि.

आज तुला बातम्या लिहायला मन नाही. झालं ते लिहिते.

जखम भरली. नवं गुलाबी कातडं आलं आहे, बोटाने दाबलं तर रंग परत येतो. आणि दहाबारा दिवसांपासून तिला शब्दही येऊ लागले. आधी पाणी, मग नको, मग दुर्गेश. काल सकाळी मी तिचे केस विंचरत होते. तिची पाठ माझ्याकडे होती. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच मला विचारता आलं असेल. मी म्हटलं, दीपमाला, त्या दिवशी मी कुठे होते हे तुला माहीत होतं ना?

ती म्हणाली, मले मालूम होतं, सिस्टर.

बावीस वर्षं मी हे चार शब्द ऐकायला जगले, सुशील. ते ऐकून मला वाटायला हवं होतं ते काहीच वाटलं नाही. मी विचारलं, मग काहून? तर ती एकेक शब्द शोधत बोलू लागली. मी सलग लिहिते.

१९८४ साल. ती एकोणीस वर्षांची, गावाकडून आलेली, ट्रेनिंगचं पहिलं वर्ष. मी तिच्या वॉर्डाची इनचार्ज. दुपारी तार आली, वडील फार बिमार, ताबडतोब ये. ती तार घेऊन माझ्याकडे आली. साडेतीनची एसटी होती, त्यानंतर तिच्या गावाला गाडी नव्हती. मी म्हणे तार वाचलीसुद्धा नाही. म्हटलं, आधी सगळ्या वॉर्डाच्या चादरी बदल, मग सुट्टीचं बोल. तिने चादरी बदलल्या. तीस कॉट. स्टँडवर पोचली तेव्हा गाडी गेली होती. दुसऱ्या दिवशी गावात उतरली, तोवर वडिलांना अग्नी देऊन झाला होता. बापाचं तोंड दिसलं नाही मले, असं म्हणाली. चौकशीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, तर मले ते तीस कॉट दिसले, आणि तोंडातून निघून गेलं, माहीत नाही.

सुशील, मला हे आठवत नाही. काहीच आठवत नाही. ती तार, ती मुलगी, तो दिवस, काहीच नाही. मी काल रात्रभर आठवून पाहिलं. तिने माझं आयुष्य मोडलं तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो, आणि मी तिचं मोडलं त्यातला एक शब्दही आठवत नाही.

ती खोटं बोलत असेल का? आजारात मेंदू काहीही जोडतो, हे मी पाहिलं आहे. मला लहानपणापासून ओळखणारा आता तू एकटाच उरलास. मी अशी होते का? गोड बोलू नकोस. खरं लिही.

ताई


सावनेर
१२ मार्च २०२५

ती. स्व. ताईस,
सलाम. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहिलं. पहिली दोन मिनलने वाचली आणि म्हणाली, यात तुम्ही घाबरून राहिले आहात, पुन्हा लिहा. म्हणून हे तिसरं.

दीपमालाबाई खोटं बोलत नसाव्यात.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. कबरस्तानातून आल्यावर मी दाराच्या मागे रडत होतो. तू आलीस, पदराने माझं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, या घरात आता रडायला वेळ नाही. मग मला पाढे म्हणायला बसवलंस. मी हुंदका दिला की पहिल्यापासून. त्या संध्याकाळी मी अठराचा पाढा पाठ केला. ताई, त्यानंतर मला रडता येत नाही. बाबा गेले तेव्हाही आलं नाही. लोकांना वाटलं, मला दुःख नाही.

शाळेत मी मास्तरांना घाबरलो नाही, खाणीत छताला घाबरलो नाही. तुला घाबरायचो. तुझ्या चपलेचा आवाज आला की मी आधी हात धुवायचो, मग विचार करायचो की आपण काय चुकलो.

हे मी कधी बोललो नाही, कारण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. त्या दिवशी तू सोळा वर्षांची होतीस. आई तुझीही गेली होती आणि तुझं तोंड पुसायला कोणी नव्हतं. तू शिकलीस, मला शिकवलंस, स्वतःचं लग्न केलं नाहीस. माझ्या पायात पहिले बूट आले ते तुझ्या पहिल्या पगारातून. तुझ्या प्रार्थनेत रोज माझं नाव असतं, हे मला माहीत आहे. मी आज माणूस आहे तो तुझ्या हातांनी. त्या हातांना मी घाबरायचोही. दोन्ही एकाच बहिणीचं आहे.

गेल्या दोन महिन्यांतली तुझी पत्रं मी उशाशी ठेवली आहेत. सत्तरीला आलेली माणसं स्वतःबद्दल असा प्रश्न विचारत नाहीत. तू विचारलास. मला त्याचा अभिमान वाटला.

जे लिहिलं त्यावरून माझ्यावरचा लोभ कमी झाला तर तेही सोसेन. पण कळव.

तुझा,
सुशील


सावनेर
७ एप्रिल २०२५

ती. स्व. ताईंना,
मिनलचा सलाम. वि. वि.

मी पत्र कधी लिहीत नाही, माझं काम वाचण्याचं. पण चार आठवडे झाले. पोस्टमनच्या वेळेला हे फाटकाशी जाऊन उभे राहतात. सायकलची घंटी यांना ऐकू येत नाही, म्हणून रस्त्याकडे बघत राहतात. पोस्टमन हात हलवून नाही म्हणतो, तरी हे त्याला पाणी विचारतात.

कालपासून म्हणून राहिले की मी चुकलो, ताईला म्हातारपणी दुखवलं. मीच तिसरं पत्र लिहायला लावलं होतं, तेव्हा रागवायचं तर माझ्यावर रागवा. शिव्या लिहिल्या तरी चालतील, पण लिहा.

कैरीचं लोणचं घातलं आहे. तुमची बरणी वेगळी काढून ठेवली आहे, राग असला तरी ती तुमचीच.

तुमची,
मिनल


मोहननगर, नागपूर
२२ एप्रिल २०२५

चि. सुशील आणि चि. मिनल यांस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुशील, तुझं पत्र मी वाचलं आणि फाडलं. मग चारही तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. मग तीन दिवस दीपमालाकडे गेले नाही. गोपिकाला सांगितलं, गुडघा दुखतो. चौथ्या दिवशी कामाची बाई दारात आली. म्हणाली, बाई मले हात लावू देत नाही, सिस्टर सिस्टर करून राहिल्या. मी गेले. कूस बदलली, केस विंचरले. असेच पुढचे तीन आठवडे गेले. तुला लिहायला बसायचे आणि तुझ्या नावापुढे हात थांबायचा. मला राग तुझा आला होता असं मी समजत होते. तुझं नऊ वर्षांचं तोंड डोळ्यांपुढून हलत नव्हतं, हे खरं कारण.

गुड फ्रायडेला तीन तासांच्या उपासनेला बसले. दरवर्षी त्या दिवशी क्षमेबद्दल ऐकते आणि दरवर्षी मनात दीपमाला येते, की बघ, हिला मी क्षमा करायला हवी, किती कठीण आहे, किती मोठी मी. या वर्षी पहिल्यांदा मला दुसऱ्या कुणाचं पाप आठवलं नाही. बाहेर आले तेव्हा ऊन भाजत होतं, आणि मला एकदम हलकं वाटलं. लाज वाटली आणि हलकंही वाटलं. या दोन गोष्टी एकत्र येतात, हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दीपमालाला विचारलं, तुझ्या वडिलांचं नाव काय होतं? ती म्हणाली, रुपराव. मी म्हटलं, सांग मला त्यांच्याबद्दल. आणि ती सांगत बसली. बाग लावली ती त्यांनी, विहीर स्वतः खणली, पोरीला नर्स करायला पाठवली म्हणून गाव त्यांना हसलं. जत्रेतून तिच्यासाठी काचेच्या बांगड्या आणायचे आणि दरवेळी माप चुकायचं. बोलता बोलता दमली, पाणी प्यायली, पुन्हा बोलली. जेवणवेळ टळून गेली.

मग मी तिचा डावा हात धरला आणि म्हटलं, दीपमाला, मला तो दिवस आठवत नाही, पण तो झाला हे मी मानते. तुला बापाचं तोंड दिसलं नाही ते माझ्यामुळे. मला क्षमा कर.

सुशील, मला वाटलं होतं ती रडेल. ती नाही रडली. म्हणाली, तुमी माफी मांगली म्हणून बाप दिसत नाही, सिस्टर. आज मले नाही जमत. मी म्हटलं, बरं. उठले, ताट धुऊन ठेवलं, चपला घातल्या. तेव्हा मागून तिने विचारलं, उद्या येसान ना?

दुसऱ्या दिवशी ईस्टर होता. उपासना झाल्यावर गेले.

आता तुझं. तू दाराच्या मागे रडत होतास ते मला आठवतं. ते मी विसरलेले नाही. मी भ्यायले होते, सुशील. मला वाटलं, तू रडत राहिलास तर मीही सुरू होईन आणि मग स्वयंपाक कोण करील. तुला त्या दिवशी मांडीवर घ्यायला हवं होतं. मला क्षमा कर. तुलाही आज जमत नसेल तर चालेल. मी थांबायला शिकले आहे.

मिनल, तुला शिव्या कशाला लिहू? त्या घाबरलेल्या माणसाकडून तू खरं पत्र लिहून घेतलंस, हे उपकार मी विसरणार नाही. बरणी घेऊन दोघं या. दोन दिवस राहायचं. लोभ असाच खरा बोलणारा असू द्या.

तुमची,
ताई


सावनेर
२ मे २०२५

ती. स्व. ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. मिनल चादरीसुद्धा बांधून राहिली आहे, जणू तुझ्या घरी नाहीत.

क्षमेचं विचारलंस. पत्र वाचता वाचता अक्षरं दिसेनाशी झाली. मिनल म्हणाली, चष्मा पुसा. चष्मा कोरडा होता.

बाकी भेटीत.

तुझा,
सुशील


मोहननगर, नागपूर
१७ जून २०२५

चि. सुशील आणि चि. मिनल यांस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुम्ही आलात, त्याला महिना उलटून गेला, तरी दीपमाला अजून विचारते की भाऊ कधी येणार. तुला ऐकू येत नाही आणि तिला पटकन बोलता येत नाही, तरी तुम्ही दोघं दोन दुपारी काय गप्पा मारत होतात, हे मला आणि मिनलला शेवटपर्यंत कळलं नाही. ती आता वॉकर धरून दारापर्यंत जाते.

गेल्या सोमवारी मी गेले तर तिच्या मांडीवर पाटी आणि पाटीवर कागद. डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरांत, तिने पाच ओळी लिहिल्या होत्या. लिहायला म्हणे आठ दिवस लागले. हॉस्पिटलच्या अधीक्षकांना अर्ज. २००३ सालच्या चौकशीत मी खोटं सांगितलं. सिस्टर पुष्पलता त्या वेळी बाळंतिणीपाशी होत्या. मीच त्यांना बोलावलं होतं. त्यांचा दोष नव्हता. खाली सही. मला म्हणाली, हे माझ्या डोक्यावरून उतरवा, आणि मलेही माफ करा.

मी माफ केलं म्हटलं. खरं तर ते कधी झालं, मलाही सांगता येणार नाही. त्या जखमेवर नवं कातडं आलं, तेव्हाच कधीतरी झालं असावं.

मी कागद घरी आणला. खोटं कशाला बोलू, मला तो हवा होता. मी तो पाचसहा वेळा वाचला. बुधवारी पांढरी साडी नेसून, रिक्षा करून हॉस्पिटलला गेले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. अधीक्षिका आता एक तरुण डॉक्टरीणबाई आहेत, आपल्या अंकितपेक्षा चारपाच वर्षांनीच मोठ्या असतील. उठून उभ्या राहिल्या, खुर्ची दिली, चहा मागवला. कागद मन लावून वाचला. मग क्लार्कला बोलावलं. क्लार्क आत जाऊन बऱ्याच वेळाने आला आणि म्हणाला, इतक्या जुन्या फायली रद्दीत गेल्या, मॅडम. कोणती चौकशी, कोणाची, काहीच शिल्लक नाही. डॉक्टरीणबाईंना फार वाईट वाटलं. म्हणाल्या, सिस्टर, आमच्याकडे तुमच्या नावावर काहीच दोष नाही. मग म्हणाल्या, म्हणजे, आमच्याकडे तुमचं नावच नाही.

मी चहा संपवला आणि निघाले. रिक्षात बसल्यावर आधी मी हिशेब मांडला. मेट्रनपद, चार महिने, ड्रेसिंगची खोली, बावीस नाताळ, आणि सगळं रद्दीत. आणि मग सदरच्या चौकात सिग्नलला मला हसू आलं. थांबेना. रिक्षावाला मागे वळून पाहायला लागला.

तशीच दीपमालाकडे गेले आणि तिला सांगितलं. मग तिचं वाकडं तोंड आणखी वाकडं झालं. मला वाटलं, पुन्हा झटका आला की काय. तर ती हसत होती. म्हणाली, आठ दिवस लागले मले लिहाले, सिस्टर! मग आम्ही दोघी इतक्या हसलो की गोपिका धावत आली आणि दारात उभी राहून म्हणाली, काहून वं, काय झालं? दोघींपैकी एकीलाही सांगता येईना.

तुम्ही घरचे सोडले तर आता जगात ती गोष्ट आम्हा दोघींशिवाय कुणालाच आठवत नाही. आणि आमचं त्यावरून भांडण नाही.

गोपिका गेल्यावर दीपमाला डोळे पुसत होती, एकाच हाताने, म्हणून वेळ लागत होता. मी दुसरा पुसला. ती म्हणाली, सिस्टर, ते तुमी दिवाळीच्या आधी मांगितलं होतं ना. मी म्हटलं, दिवाळी नाही, ईस्टर, आणि काय मागितलं होतं? ती म्हणाली, तेच, माफी. आता जमलं.

प्रभूची किती दया, सुशील. मला या वयात खरं सांगणारी तीन माणसं दिली, आणि ऐकायला कान शाबूत ठेवले.

दोघांना आशीर्वाद. माझ्यावर लोभ आहे तो राहू द्या, मी तो जपून वापरीन.

तुमची,
ताई